हसूरचंपूचा मुलगा आणि वाऱ्याचा बोगदा

हसूरचंपू हे नाव तुमच्यापैकी किती जणींनी ऐकलंय? गडहिंग्लजकडच्या मैत्रिणी लगेच हात वर करतील, कारण ते त्यांच्याच तालुक्यातलं, कोल्हापूर जिल्ह्यातलं खेडं. बाकीच्या जणी विचारतील, तिथे आहे तरी काय? तर त्या गावात २४ ऑक्टोबर १९०८ रोजी विष्णू माधव घाटगे यांचा जन्म झाला. भारतात आखलेलं आणि भारतातच बांधलेलं पहिलं विमान ज्यांच्या हाताखाली तयार झालं, ते हे डॉ. घाटगे. शाळेच्या पुस्तकात राइट बंधू भेटतात, जेआरडी टाटा भेटतात. आपल्या मातीतले घाटगे मात्र सहसा भेटत नाहीत. म्हणून आज त्यांची ओळख करून द्यावीशी वाटली.

मी कला शाखेची पदवीधर. विमानशास्त्राशी माझा संबंध यायचं तसं काही कारण नव्हतं. पण मीरा रोडला आमच्या महिला मंडळातर्फे आम्ही संध्याकाळी मुलींचा अभ्यासवर्ग घेतो. तिथे अकरावीतल्या एका मुलीने मला विचारलं, ‘काकू, विमान वर गेल्यावर त्याची चाकं आत जातात, मग ती जिथून खाली येतात त्या खड्ड्यात वारा शिरून काय करतो?’ प्रश्न ऐकून मी गप्पच झाले. घरी येऊन पुस्तकं काढली, जाणकारांना विचारलं. तेव्हा कळलं, की या ‘खड्ड्यातल्या वाऱ्यावर’ जगभरचे शास्त्रज्ञ कित्येक वर्षं डोकं खपवतायत. आणि हाच धागा पकडून मागे मागे जात मी घाटग्यांपाशी पोचले.

आधी घाटग्यांचीच गोष्ट सांगते. मुंबईत विज्ञानाचं उच्च शिक्षण घेतल्यावर ते थेट जर्मनीला गेले, गटिंगेन नावाच्या विद्यापीठाच्या गावी. काळ कोणता, ते लक्षात घ्या. १९३२ साली जेआरडींनी कराचीहून मुंबईला टपाल घेऊन विमान आणलं, तेव्हा आपल्याकडच्या नागरी विमानसेवेची सुरुवात झाली. विमान बनवणारा एकही कारखाना देशात नव्हता. अशा वेळी खेड्यातून आलेला एक मराठी मुलगा विमानाभोवतीची हवा कशी वाहते, हे शिकायला समुद्रापार निघाला. परत आल्यावर याच्या शिक्षणाचा उपयोग काय, असं चारचौघांनी विचारलं असेल तर नवल नाही.

गटिंगेनला त्यांना गुरू मिळाले ते लुडविग प्रांटल. हे नाव सामान्य माणसाला माहीत नसतं, पण विमानशास्त्रात त्यांचं स्थान आपल्याकडे गाण्यात एखाद्या घराण्याच्या मूळ पुरुषाचं असतं, तसं आहे. १९०४ साली प्रांटल यांनी एक साधी वाटणारी गोष्ट मांडली. वाहती हवा किंवा पाणी एखाद्या पृष्ठभागाला घासून जातं, तेव्हा पृष्ठभागाला अगदी चिकटून असलेला पातळसा थर जवळजवळ थांबलेला असतो, आणि सगळी ओढाताण त्या थरातच होते. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते ना? पंखा एवढा गरगर फिरूनही ती उडून जात नाही. त्यामागे हेच कारण. पात्याला लगटून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते, मग धूळ उडवणार कोण?

हे पाहण्यासाठी प्रांटल यांनी सुरुवातीला काय केलं असेल? पाण्याचा एक लांबट हौद बनवला, हाताने चाक फिरवून त्यात पाणी वाहतं ठेवलं, पाण्यात चमकणारे बारीक कण सोडले आणि ते कण कुठे भोवरे घेतात ते पाहत बसले. पुढे १९०८ च्या सुमारास त्यांनी गटिंगेनला विंड टनेल, म्हणजे वाऱ्याचा बोगदा उभारला. म्हणजे घाटगे पाळण्यात होते, त्याच सुमारास त्यांच्या भावी गुरूंचा बोगदा तयार होत होता!

वाऱ्याचा बोगदा म्हणजे काय? विमान हवेतून धावतं, त्याऐवजी विमानाची छोटी प्रतिकृती एका जागी घट्ट बसवायची आणि तिच्यावरून वारा सोडायचा. हवेला काय, विमान पळतंय की आपण पळतोय, सारखंच! लोकलच्या दाराशी उभं राहिलं की वारा लागतो. गाडी थांबवून तेवढाच वारा समोरून सोडला, तरी तो तसाच लागेल. या एका युक्तीमुळे माणसाचा जीव धोक्यात न घालता विमानाची परीक्षा घेता येते. किती जोराने ते वर उचललं जातं, कुठे थरथरतं, कुठे हवा पंख सोडून देते, हे सगळं जमिनीवरच कळतं.

घाटग्यांनी १९३६ साली प्रांटल यांच्याकडे डॉक्टरेट मिळवली. ती वर्षं जर्मनीत फार वाईट होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि गटिंगेनमधल्या ज्यू प्राध्यापकांना घालवून दिलं गेलं. त्यात गणितातली मोठी विदुषी एमी नोथर होती. तिला अमेरिकेत जावं लागलं, आणि १९३५ मध्ये ती तिथेच वारली. प्रांटल यांच्या संस्थेत त्या काळात इरमगार्ड लोट्झ ही बाईही काम करत होती. विमानाच्या पंखाच्या कोणत्या भागावर किती उचल मिळते, हे मोजण्याची सोपी रीत तिने वयाच्या तिशीच्या आतच शोधली. तरीही तिला जर्मनीत प्रोफेसर होता आलं नाही. लग्नानंतर ती फ्लुगे-लोट्झ झाली, युद्धानंतर नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली, आणि साठीच्या उंबरठ्यावर असताना स्टॅनफर्ड विद्यापीठातली इंजिनीअरिंगची पहिली स्त्री प्रोफेसर झाली. अकरावीतल्या त्या मुलीला मी ही हकिगतही सांगितली. हा विषय फक्त पुरुषांचा, असं तिच्या मनात बसायला नको.

घाटगे भारतात परतले. आणि मग एक योग जुळून आला. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर सरकारच्या मदतीने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली. विमानाचा कारखाना काढणारा सोलापूरचा, आणि विमान आखणारा गडहिंग्लजचा! मराठी माणूस धंद्यात आणि धाडसात मागे, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा. दुसरं महायुद्ध चालू होतं. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला आणि कारखाना युद्धातल्या विमानांच्या दुरुस्तीला जुंपला गेला. पण घाटग्यांच्या डोक्यातलं काम दुरुस्तीचं नव्हतं, नव्याने आखण्याचं होतं.

त्याच वर्षी, डिसेंबर १९४२ मध्ये, बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये विमानशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो घडवण्यात घाटगे अगदी पहिल्यापासून होते. विभागाच्या सुरुवातीच्या वर्षांतच तिथे वाऱ्याचा बोगदा उभा राहिला. म्हणजे गटिंगेनहून त्यांनी फक्त डिग्री आणली नव्हती, शिकवण्याची आणि तपासून पाहण्याची रीतही आणली होती. आधी बोगद्यात पाहा, मग आकाशात जा. सासरी आलेली सून माहेरचं लोणचं घालायची पद्धत घेऊन येते आणि मग सगळ्या वाड्याला तीच आवडायला लागते, तसंच हे झालं.

१९५१ च्या ऑगस्टमध्ये घाटग्यांच्या चमूने आखलेलं एचटी-२ हे विमान बंगळूरच्या आकाशात उडालं. ते लढाऊ विमान नव्हतं. नव्या वैमानिकांना शिकवायचं, एकापाठीमागे एक असं दोघांनी बसायचं छोटं विमान. स्वातंत्र्याला चारच वर्षं झाली होती. टाचणीसुद्धा बाहेरून येते, असं ज्या देशाबद्दल बोललं जायचं, त्या देशाने स्वतःचं विमान केलं होतं. अशी दीडशेहून जास्त विमानं पुढे बनली. आफ्रिकेतल्या घानानेही ती घेतली. आपल्या हवाई दलातल्या कितीतरी पिढ्यांनी उडण्याचा श्रीगणेशा याच विमानावर केला.

आता त्या चाकांच्या प्रश्नाकडे येऊ. एचटी-२ ची चाकं कायम बाहेरच असायची, सायकलच्या चाकांसारखी. विमान हळू चालणारं असेल तर तेवढं चालतं. पण वेग वाढला की बाहेर लटकणारी चाकं हवेला अडवतात, म्हणून ती पोटात ओढून घ्यावी लागतात. आत घ्यायची म्हणजे आत जागा हवी, आणि जागा म्हणजे खळगा आलाच. घाटकोपरच्या बाजूला विमानं अगदी डोक्यावरून उतरतात, तेव्हा नीट बघा. चाकं खाली आली की त्यांच्या मागे पोटात काळी पोकळी दिसते. लढाऊ विमानात तर बॉम्ब आणि क्षेपणास्त्रं ठेवायलाही असे खळगे असतात. आयत्या वेळी झाकण उघडतं आणि खळगा वाऱ्यासमोर येतो.

मग वारा काय करतो? रिकाम्या बाटलीच्या तोंडावर आडवी फुंकर मारून बघा. घूं असा आवाज येतो. आमच्या मीरा रोडच्या उंच इमारतींमध्ये पावसाळ्यात सरकती खिडकी बोटभर उघडी राहिली, की रात्रभर शिट्टी वाजत राहते. हायवेला गाडीची मागची एकच काच खाली केली, तर कानात धबधब असे दडे बसतात. हे सगळे एकाच कुळातले भाऊ. वारा खळग्याच्या पुढच्या काठावरून सुटतो, त्याचे भोवरे होतात, ते जाऊन मागच्या भिंतीवर आपटतात. आपटल्याचा धक्का आतून परत पुढच्या काठाशी येतो आणि नवा भोवरा सोडतो. तो पुन्हा मागे जाऊन आपटतो. झोक्याला नेमक्या वेळी हलकासा धक्का देत राहिलं की झोका चढत जातो ना, तसं हे थरथरणं वाढत जातं.

ध्वनीचा वेग जमिनीजवळ ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर. विमान त्याहून वेगात गेलं, की त्याला सुपरसॉनिक म्हणतात. त्या वेगात हवेला पुढून येणाऱ्या वस्तूची वर्दीच मिळत नाही. वर्दी पोचते ती आवाजाच्या वेगाने, आणि वस्तू तर त्याच्याही पुढे धावतेय! मग हवा एकदम दचकल्यासारखी आकसते आणि धक्क्याची लाट तयार होते. अशा वेगात खळग्यावरून वारा गेला, तर आतला आवाज जेट इंजिनच्या शेजारी उभं राहिल्यापेक्षाही मोठा होऊ शकतो. तो नुसता आवाज नसतो. त्याने पत्रा थकतो, रिव्हेट ढिले होतात, नाजूक यंत्रं बिघडतात. खळग्यातून सोडलेली वस्तू सरळ खाली न जाता उलटून विमानावरच यायची भीती असते. त्यावर उपाय ऐकले तर गंमत वाटेल. पुढच्या काठाला एक छोटी पट्टी उभी करायची, किंवा मागची भिंत सरळ न ठेवता उतरती करायची. भोवऱ्याला आपटायला ताठ भिंतच मिळाली नाही की त्याचा जोर ओसरतो. खळगा खोल आहे की लांबट आणि उथळ, यावरही सगळं बदलतं.

हे तपासतात दोन रीतींनी. एक म्हणजे सुपरसॉनिक विंड टनेल. त्यात टाकीत दाबून भरलेली हवा काही सेकंदांसाठी सोडतात आणि तेवढ्यात सगळी मोजमापं उरकतात. कढईतलं तेल नेमकं तापलंय, तेवढ्यात पुरी टाकायची, तशीच घाई! तापल्या तव्यावरची हवा लहरताना दिसते, त्याच तत्त्वाने प्रकाशाचा उपयोग करून धक्क्याच्या लाटांचे फोटोही काढता येतात. दुसरी रीत कॉम्प्युटरची. हवेचे लाखो बारीक चौकोन कल्पायचे आणि प्रत्येक चौकोनात वेग किती, दाब किती, याचं गणित क्षणाक्षणाला मांडत जायचं. याला सिम्युलेशन म्हणतात. आता ही गणितं मोठ्या यंत्रांवरसुद्धा दिवसच्या दिवस चालतात. पण नुसत्या कॉम्प्युटरवर कोणी विसंबत नाही. बोगद्यातलं उत्तर आणि गणितातलं उत्तर शेजारी ठेवून पाहतात. दोन्ही जुळली तर ठीक, नाही तर कुठे चुकलं ते शोधायचं. हिशोबाची वही आणि डब्यातले पैसे आपण महिनाअखेरीला ताडून बघतो, त्यापेक्षा हे वेगळं नाही.

घाटग्यांच्या उमेदीच्या काळात ही यंत्रं नव्हती. कागद, पेन्सिल, स्लाइड रूल आणि बोगदा, एवढंच. १९५१ मध्ये अमेरिकेतून शिकून सतीश धवन बंगळूरला आले आणि त्यांनी त्याच विभागात देशातला पहिला सुपरसॉनिक बोगदा उभारला, अगदी लहानसा. पुढे १९५९ मध्ये राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा स्थापन झाली आणि १९६७ मध्ये तिथे १.२ मीटरचा मोठा बोगदा सुरू झाला, ध्वनीच्या चौपट वेगापर्यंतचा. तेजस हे आपलं लढाऊ विमान त्यात तपासून निघालं. १ ऑगस्ट २००३ रोजी ते ध्वनीच्या वेगापलीकडे गेलं. घाटग्यांनी ते पाहिलं नाही, पण या रांगेत पहिली वीट कोणी ठेवली ते आपण विसरू नये.

मधला एक टप्पा मात्र चुटपुट लावणारा आहे. १९५६ मध्ये कुर्ट टँक हे नामांकित जर्मन तज्ज्ञ सुपरसॉनिक लढाऊ विमान आखायला बंगळूरला आले. त्या विमानाचं नाव मारुत. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी ते पहिल्यांदा उडवलं. एचटी-२ वर हात बसलेले आपले इंजिनीअर त्या कामात होते. मारुतचा आकार सुंदर होता, बांधणी भक्कम होती. पण त्याला साजेसं इंजिन काही मिळालं नाही, आणि सरळ उड्डाणात ते ध्वनीचा वेग ओलांडू शकलं नाही. १९७१ च्या युद्धात त्याने काम बजावलं, पण ज्या वेगासाठी आखलं तो त्याला मिळाला नाही. शरीर दणकट आणि हृदय मात्र दुसऱ्याकडून मागून आणलेलं, अशी त्याची गत झाली. इंजिन स्वतःचं नसेल तर विमानही पुरतं आपलं होत नाही. तो प्रश्न आजही आपल्या देशाची पाठ सोडत नाही.

घाटगे स्वतः मात्र आपल्या वाटेने चालत राहिले. त्यांच्या काळात पुष्पक हे फ्लाइंग क्लबमधलं छोटं विमान आलं, सैन्याला टेहळणीसाठी कृषक आलं. आणि ४ सप्टेंबर १९६४ रोजी किरण उडालं. शिकाऊ वैमानिकांसाठी जेट विमान. शिकवणारा आणि शिकणारा यात शेजारी शेजारी बसतात, आणि चाकं पोटात जातात. म्हणजे एचटी-२ ची बाहेर लटकणारी चाकं तेरा वर्षांत आत गेली. १९६५ मध्ये घाटग्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी ते गेले. एरोनॉटिकल सोसायटी ऑफ इंडिया त्यांच्या नावाने पुरस्कार देते.

मला या आयुष्यात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्या विमानाने युद्ध जिंकलं म्हणून ढोल वाजतात, तसं विमान घाटग्यांनी केलं नाही. त्यांनी शिकवणारी विमानं केली. विद्यार्थी चुकला तरी सांभाळून घेणारी, पुन्हा उठून उडायला लावणारी. प्रत्येक शूर वैमानिकाच्या मागे असं एखादं शिकाऊ विमान असतंच, आणि त्याचं नाव कोणी विचारत नाही. घरात पहिली अक्षरं गिरवून घेणाऱ्या आईचंही तसंच असतं, नाही का?

आता जरा पुढचं बघा. जून २०१६ मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह या तीन मुली हवाई दलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक म्हणून दाखल झाल्या. त्यांच्या शिक्षणाचा एक टप्पा हैदराबादजवळ हकीमपेटला झाला, आणि तो किरण विमानावर. हसूरचंपूच्या मुलाने आखलेल्या विमानात बावन्न वर्षांनी मुली बसल्या. १९६४ साली ते विमान आखताना शिकाऊच्या जागेवर बाई बसेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नसेल. पण विमानाने काही विचारलं नाही.

आमच्या वर्गातल्या त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. तिच्या आजीचं म्हणणं, पोरीच्या जातीला विमानाचं काय करायचंय, बीएड करून मोकळी हो. वडील फीच्या आकड्याने घाबरलेले. आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी जाऊन बसलो. पवईच्या आयआयटीत एरोस्पेसचा विभाग आहे, प्रवेश परीक्षा आहे, शिष्यवृत्त्या आहेत, शैक्षणिक कर्ज मिळतं, हे सगळं कागदावर लिहून दिलं. वडिलांनी बारावीपर्यंत विज्ञान घेऊ द्यायचं कबूल केलंय. पुढचं पुढे. आजी अजून रुसलेलीच आहे, पण परवा तिने नातीला विचारलं म्हणे, ते चाक आत कसं जातं ते मला दाखव बरं.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातलं मूल असा एखादा आडवातिडवा प्रश्न विचारेल, तेव्हा त्याला उडवून लावू नका. उत्तर येत नसेल तर ‘चल, शोधू’ एवढं म्हणा. गावातल्या वाचनालयात जा, शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना गाठा. आणि मुलगी असेल तर फॉर्म भरायच्या दिवसांत गणित आणि भौतिकशास्त्र सोडायची घाई तिला करू देऊ नका. ती दोन दारं एकदा बंद झाली, की मग उघडणं फार अवघड जातं.